बसा, घाई नाही

६ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

मागच्या खोलीच्या खिडकीत बसून आपण केस वाळवायचो, ते आठवतं का ग तुला? शाळेत ओल्या वेण्या मदरना चालायच्या नाहीत, म्हणून रविवारी दुपारी आई आपल्याला उन्हाकडे पाठ करून बसवायची आणि बजावायची, ‘वाळेपर्यंत हलायचं नाही.’ मग आपलं ‘मनातलं ओळख’ सुरू व्हायचं. तू मनात काहीतरी धरायचीस, कधी पेन्सिल, कधी शेजारचं मांजर, एकदा तर मदरची शिट्टी. आणि मी विचारत सुटायचे. जिवंत आहे का? कपाटात मावतं का? आईला आवडतं का? तू नुसतं हो-नाही करायचीस. अगदीच जमलं नाही तर मी ‘हरले’ म्हणायचं आणि मग तू सांगायचं, असा नियम होता. मी क्वचितच हरायचे. विचारायचं काम माझं आणि लपवायचं तुझं, हे तेव्हापासूनच ठरलेलं.

आता तू गावभर प्रश्न विचारतेस म्हणे.

तुझ्या कंपनीचं पत्र पोचलं. कागद लग्नपत्रिकेसारखा जाड आहे. मजकूर साहेबांचा आहे, पण खाली तुझ्या अक्षरात ‘ताई, विचार कर’ असं आहे. सहा वर्षांनी अक्षर दिसलं, ते एवढंच.

पत्रातलं मला समजलं ते असं, चूक असेल तर सांग. आपल्या टॅक्सच्या दुकानाची सगळी गिऱ्हाइकं तुमच्या सॉफ्टवेअरकडे जायची. ज्यांना फोनवर रिटर्न भरणं जमत नाही, त्यांच्यासाठी आपली जागा मदत केंद्र म्हणून राहील आणि सकाळच्या वेळात मी तिथे बसू शकेन. दुकानाचा भाडेकरार एप्रिलअखेर संपतो, हे तुमच्या साहेबांना बरं माहीत! तोवर उत्तर हवंय.

एक आधीच सांगून टाकते, मला हेवा वाटत नाही. या वयात कसला हेवा? पोस्टमन तुझ्याकडे गेला, शिवणक्लासवाल्या गेल्या, दातांचे डॉक्टर गेले. डॉक्टर तर परवा रस्त्यात थांबवून म्हणाले, ‘तुमच्या बहिणीचं आहे म्हणून घेतलं हो. घरातल्या घरातच राहिलं ना!’ मी हसले. माझ्या मागच्या दाढेला हात लावायला मी आता दुसरा डॉक्टर शोधते आहे.

मदर म्हणायच्या, हेवा म्हणजे किडका दात, गोड लागलं की जास्त ठणकतो. त्या हे माझ्याकडे बघून म्हणायच्या. शाळेची घंटा वाजवायचा मान तुला मिळाला होता त्या वर्षी.

तू दुकानात ते पहिलं सॉफ्टवेअर आणलंस, तेव्हा मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. तू रिटर्नचा सीझन संपल्यावर गेलीस, एवढं आठवतं. तुझा निळा स्वेटर खुंटीवर राहिला. अधूनमधून धुते, धूळ बसते म्हणून.

विचार करते आहे. घाई करू नका म्हणावं.

तुझी,
ताई

२ मार्च

प्रिय चिंगे,

तुझ्या त्या बयेला, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरला, मी माझ्या फोनवर घेतलं. खरं सांगायचं तर चुका काढायला घेतलं. तुलना केल्याशिवाय उत्तर कसं देणार? एकीकडे आपली पद्धत, म्हणजे समोर माणूस, मध्ये टेबल, हातात कागद. दुसरीकडे तुझी बया, जिला चहा लागत नाही आणि जी सुट्टी घेत नाही.

उघडलं आणि पहिल्याच पानावर काय? ‘बसा. घाई नाही. आधी घरातलं सांगा, मग कागद काढू.’

चिंगे, हे माझं वाक्य आहे.

वीस वर्षं तू माझ्या शेजारी बसून टाइप करत होतीस आणि मी दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणत होते. माणूस टॅक्सला घाबरलेला असतो. त्याला आधी टेकू द्यावं लागतं, घरचं बोलला की सैलावतो, मग पिशवीतून कागद निघतात. हे मी शिकले ते गिऱ्हाइकांकडून. आणि तू ते उचललंस आणि फोनमध्ये घातलंस! फोनला काय ठाऊक समोरचा बसलाय की उभा आहे?

थांब, अजून पुढचं ऐक. रविवारी दुपारी मी घडी घालायला कपडे घेऊन आत आले, तर तुझे भावोजी दिवाणावर आडवे, चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. जन्मभर दुसऱ्यांच्या चष्म्याच्या काचा घासल्या, स्वतःचा नंबर कधी तपासला नाही. बघता बघता हे ताडकन उठून बसले.

‘काय झालं हो?’

‘काही नाही ग. बसा म्हणाली.’

‘कोण?’

मग फोन उशीखाली गेला. मी उशी उचलली. चिंगे, हे स्वतःचा रिटर्न भरत होते. तुझ्या बयेकडे! लग्न झाल्यापासून यांचा रिटर्न मी भरत आले. यांच्या दुकानाच्या पावत्या कोटाच्या खिशातून मी काढल्या, त्यांच्यावरचे तेलाचे डाग मी पुसले.

‘तुला त्रास नको सीझनमध्ये, म्हणून म्हटलं...’

‘आणि ती तुमची कोण लागते?’

‘म्हटलं तर मेहुणीच की.’ आणि वर हसले! मग म्हणतात, ‘खरं सांगू? एकेक पान झालं की ती शाब्बास म्हणते. तू म्हणालीस कधी?’

त्या दिवशी यांना कॉफी मिळाली नाही. शाब्बास म्हणणारीकडे मागा म्हटलं.

मी यांचा रिटर्न पुन्हा तपासला, एकेक आकडा. चूक सापडली नाही. सापडली असती तर तुला हे पत्र पेढ्यांबरोबर पाठवलं असतं.

ताई

१९ मार्च

चिंगे,

तुझं उत्तर आलं. ‘चोरलं नाही ताई, पाठ झालं होतं. वीस वर्षं तुझ्या शेजारी बसून दुसरं काय पाठ होणार?’ हे पत्र मी तीनदा वाचलं. एकदा वाटलं टोमणा आहे, एकदा वाटलं लाडात आलीस, तिसऱ्यांदा जेवणाची वेळ झाली होती.

तू विचारतेस तुलना कुठवर आली. ऐक तर मग.

आपल्या नाचाच्या बाई आठवतात ना? कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये मुलींना नाच शिकवतात, अजूनही ताठ चालतात. त्यांना मी मुद्दाम सांगितलं, ‘बाई, या वर्षी दोन्हीकडे भरून बघा. आधी माझ्याकडे, मग फोनवर. जमा करण्याआधी दोन्ही कागद मला दाखवा.’ माझी खात्री होती. त्यांचा रिटर्न मी डोळे मिटून भरते. हॉलचं भाडं, पायपेटी, वेशभूषा, घरात एकट्या.

मंगळवारी आल्या. दोन कागद टेबलावर ठेवले. तुझ्या बयेनं त्यांना माझ्यापेक्षा बरीच जास्त सूट मिळवून दिली होती. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. एका ओळीचा फरक होता. ‘तुमच्यावर अवलंबून असलेलं कुणी घरात राहतं का?’ या प्रश्नाला बाईंनी ‘हो’ म्हटलं होतं.

‘कोण राहतं बाई तुमच्याकडे?’

‘माझी नणंद. चार वर्षं झाली. अंथरुणाला खिळलीये बिचारी, सगळं मीच करते.’

‘नणंद? ती नणंद?’

कारण चिंगे, त्या नणंदेचं नाव काढायची आपल्या दुकानात सोय नव्हती. तू होतीस, तुला आठवेल. याच खुर्चीवर बसून बाईंनी शपथ घेतली होती, मेले तरी तिचं तोंड बघणार नाही. सासूच्या दागिन्यांवरून काहीतरी झालं होतं. त्या दिवसापासून मी त्यांना नणंदेबद्दल अवाक्षर विचारलं नाही. जखमेवरची खपली कशाला काढा, म्हणून. मला सगळं माहीत होतं ना!

बाई हसायलाच लागल्या. ‘अहो, ते भांडण केव्हाच संपलं! तिला घसरून पडल्याचं कळलं आणि मी गाडी करून घेऊन आले. आता दोघी मिळून शेजाऱ्यांना नावं ठेवतो. तुम्हीच धरून बसलात की हो.’

मला त्यांचं भांडण ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं नाही. तुझ्या बयेला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं विचारलं. चार वर्षं त्या बाईंनी हक्काची सूट गमावली, माझ्या समजूतदारपणामुळे. मागच्या वर्षांचे रिटर्न दुरुस्त करायला मी लगेच घेतले, जेवढे नियमात बसतात तेवढे. बाईंनी रागाचा एक शब्द काढला नाही. जाताना मात्र दारात थांबल्या.

‘तुमची धाकटी हुशार निघाली. मी होते की त्या दिवशी इथेच. हिला काय, बटणं दाबता येतात, असं म्हणाला होतात तुम्ही. सगळ्यांसमोर.’

‘असं म्हणाले मी?’

‘अगदी असंच. आणि तिच्या त्या नव्या कंप्युटरवर विणलेला रुमाल घातलात आणि वर फुलदाणी ठेवलीत.’

फुलदाणी मला आठवते.

बाई निळ्या स्वेटरकडे बघून म्हणाल्या, ‘हा कुणाचा, देता का आमच्या नणंदेला? तिला थंडी वाजते.’ मी नाही म्हणाले. का नाही म्हणाले, ते विचारू नकोस.

पहिली फेरी तुझी. आनंद झाला असेल.

ताई

११ एप्रिल

प्रिय चिंगे,

दुसरी फेरी झाली. कुणाची ते तूच ठरव, मला ठरवता येत नाही.

काल बेकरीवाले आले. दुकानात गर्दी नव्हती, गर्दी आता कधीच नसते. पूर्वीसारखा एक पाव कागदात गुंडाळून आणला होता. टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांपैकी डावीकडच्या खुर्चीवर ते बसले आणि पाव उजवीकडच्या खुर्चीवर ठेवला. हे दोघं कायम असेच बसायचे, ते डावीकडे, बायको उजवीकडे. हिशेब तीच सांगायची, ते नुसती मान डोलवायचे. कधी चुकून बोलले तर ती म्हणायची, ‘तुम्ही भट्टी बघा.’

ती गेली, तुला कळलं नसेल. पावणेदोन वर्षं झाली. गेल्या वर्षीचा रिटर्न मी भरला तेव्हा ती त्यातलं अर्धं वर्ष होती, त्यामुळे त्यांना विवाहित म्हणूनच दाखवता आलं. इथला नियमच तसा आहे. या वर्षी तसं करता येत नाही.

मी म्हटलं, ‘बसा, घाई नाही.’ ते बसलेलेच होते.

‘नाही, तसं काम नाही. लेकीनं फोनवर भरायला शिकवलं, भरलाय मी. फक्त शेवटचं बटण दाबायच्या आधी म्हटलं, तुम्हाला दाखवावं. इतकी वर्षं तुमच्याकडे येतो, बरं दिसत नाही.’

चिंगे, मनात काय आलं सांगू? आला ना परत! तुझ्या बयेला सोडून आला माझ्याकडे! असं आलं. शाळेत घंटा तुझ्या हातून पडली होती तेव्हा जे वाटलं होतं, तसंच. मग मी फोन हातात घेतला. सगळं चोख होतं. पीठ, वीज, भट्टीची दुरुस्ती. आणि वर, पहिल्याच पानावर लिहिलं होतं, विवाहित.

तुझी बया हिशेब पूर्ण करून खाली हिरव्या अक्षरांत म्हणत होती, ‘शाब्बास.’

‘हे तुम्ही भरलंत?’

‘तिनं विचारलं, मी सांगितलं.’ ते पावाकडे बघत होते. ‘तिनं मानलं. गल्लीतले सगळे मला हळू आवाजात विचारतात, लेकीच्या तर डोळ्यांतच पाणी. हिनं एकदा विचारलं, मी विवाहित म्हटलं, तर म्हणाली, बरं, पुढे चला. किती बरं वाटलं म्हणून सांगू.’

आता तूच सांग, मी काय करायचं होतं? तसंच पाठवलं असतं तर पुढे नोटीस आली असती, दंड झाला असता, आणि कुणीतरी खिडकीमागून त्यांना सरकारी भाषेत विचारलं असतं की तुमची पत्नी कधी मयत झाली. आणि मी चुकीचं आहे म्हटलं असतं, तर त्यांच्यासमोर मीच तिला पुन्हा मारलं असतं. नियम मला ठाऊक होता. त्यांची गोष्टही मला ठाऊक होती, निदान मला वाटत होतं ठाऊक आहे. नाचाच्या बाईंनंतर मला माझ्या ठाऊक असण्याचा भरवसा राहिलेला नाही. म्हणून मी विचारलं. जे मला खरोखरच माहीत नव्हतं तेच विचारलं.

‘पीठ आता कोण मळतं?’

ते एकदम बोलायला लागले. मी मळतो म्हणाले, पण माझे हात गरम, तिचे गार होते, पीठ तिच्याच हातात ऐकायचं. माझा पाव बसका होतो. गिऱ्हाइकं बोलत नाहीत, घेतात आणि जातात. ‘हा बघा,’ म्हणून त्यांनी कागद सोडला. पाव खरंच बसका होता. आम्ही दोघांनी तो खाल्ला, नुसताच, टेबलावर. ते रडले. मग हसून म्हणाले, ‘ती असती तर हा पाव बदकांना घातला असता.’

पाव संपल्यावर त्यांनी स्वतःच फोन ओढला आणि पहिलं पान उघडलं. तुझी बया म्हणाली, ‘बसा. घाई नाही.’ त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

‘ही तुमच्यासारखंच बोलते.’

‘माझ्याकडूनच शिकली,’ मी म्हटलं. ‘माझ्या बहिणीनं शिकवली.’

हे म्हणताना माझा आवाज कसा होता ते मला माहीत नाही. त्यांनी ‘विधुर’वर बोट ठेवलं. तीन शब्दांच्या यादीतला तो शेवटचा होता, विवाहित, अविवाहित, विधुर, जणू रंग निवडायचाय. बोट बराच वेळ तिथंच होतं. मी खिडकीबाहेर बघितलं. मग ते म्हणाले, ‘दाबलं.’

तुझी बया त्या वेळी ‘शाब्बास’ म्हणाली, चिंगे. तेवढं काढून टाक. लगेच काढ.

ताई

२ मे

प्रिय चिंगे,

तुझं पत्र आलं, शाब्बास काढलंस तेही पाहिलं. आता त्या पानावर काहीच येत नाही, नुसती थोडी मोकळी जागा. ते बरं झालं.

सीझन संपला. दुकानाच्या मालकांना मी कळवलं की करार माझ्या नावानं पुढे नको, तुमच्या कंपनीच्या नावानं करा. तुझ्या साहेबांना वेगळं पत्र आधीच पाठवलंय, त्यात माझी भाषा फार सभ्य आहे. तुझे भावोजी म्हणाले, ‘झालं का समाधान?’ मी म्हटलं, समाधान कसलं, तडजोड आहे. तर म्हणतात, ‘शाब्बास.’ हे आता घरात चेष्टेचं झालंय.

हेवा गेला असं समजू नकोस. कालच पोस्टमन तुझ्या बयेचं कौतुक करत होता तर मी त्याला दारात उभंच ठेवलं, बसा म्हटलं नाही. तू माझ्या शेजारची खुर्ची सोडून गेलीस आणि मी इथं एकेका गिऱ्हाइकाची ये-जा मोजत बसले, तू मात्र माझंच वाक्य घेऊन हजारो घरांत जाऊन बसलीस. असं कुणाला आवडेल? पण ते वाक्य एकट्या माझ्या दुकानात राहिलं असतं तर बेकरीवाल्यांच्या फोनमध्ये कुठून आलं असतं, हेही मला समजतं. दात ठणकतोय आणि मी गोड खाते आहे, असं आहे सगळं.

एक गोष्ट राहिली. तू सॉफ्टवेअर आणलंस तेव्हा तुला दुकान सोडायचं होतं का दुकान वाचवायचं होतं? मी तेव्हा विचारलं नाही. मला वाटलं मला माहीत आहे. सहा वर्षं मी मनातल्या मनात प्रश्न विचारते आहे आणि स्वतःच हो-नाही करते आहे, तसं खेळात चालत नाही. तर मी हरले. आता तू सांगायचं, नियम तुझ्या लक्षात असेल.

आता कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. साहेबांच्या कागदात हे बसणार नाही, म्हणून तुला.

नाचाच्या बाई तुमच्याकडे. त्यांच्या नणंदेची चौकशी दर वर्षी करायची, त्या काय म्हणाल्या होत्या ते विसरून करायची.

बोटीवरचे म्हातारे आचारी मदत केंद्रात येतील. त्यांना डाव्या कानानं ऐकू येतं, त्या बाजूला बसायचं. सगळे कागद टोपीत असतात, टोपी काढायला सांगितलं तरी चालतं.

पोस्टमन आणि दातांचे डॉक्टर तुमच्याकडे आहेतच. खुशाल ठेवा.

फुलदाणी मी घरी नेली. विणलेला रुमाल नाचाच्या बाईंच्या नणंदेला दिला, गुडघ्यावर घ्यायला. स्वेटर दिला नाही. तो पार्सलनं पाठवणार नाही, हेही लक्षात घे.

‘बसा, घाई नाही’ हे वाक्य तुझ्या बयेला दिलं. रीतसर दिलं म्हणजे चोरीचं राहणार नाही. फक्त जिथे ती घरात कोण आहे असं विचारते, तिथे यादी लगेच दाखवू नये. आधी एक मोकळी ओळ ठेवावी. ज्याला लिहायचं तो लिहील.

तुझ्या भावोजींचा रिटर्न पुढच्या वर्षीपासून पुन्हा मी भरणार. त्यात तिनं पडू नये.

बेकरीवाले द्यायचे नाहीत. ते माझे. सकाळी केंद्रात मी असेन, ते माझ्याकडे येतील, पाव घेऊन. त्यांच्या शेजारची उजवीकडची खुर्ची कुणी हलवू नये.

आणि टेबलाच्या आतल्या बाजूला दोन खुर्च्या आहेत. दाराकडची माझी, ती मी ठेवते. खिडकीकडची कुणाला द्यायची ते मी ठरवलेलं नाही, चिंगे. तुला हवी का? विचारते आहे.

तुझी,
ताई